काठाची वही: नाशिकच्या नदी-धरणकाठच्या वनस्पती-जीवांची नोंद कशी ठेवावी

पुराच्या दिवसांत नाशिककर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? पायाशी, कमरेला, छातीला की गळ्याशी. किती क्युसेक विसर्ग सोडला हे सगळ्यांनाच उमगतं असं नाही, पण मारुतीच्या कमरेला पाणी म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवायला लागतो. जागा ठरलेली, खूण ठरलेली, पाहणारा कुणीही. निसर्गाची नोंद ठेवायला याहून वेगळं काही लागत नाही. हौशी माणसं चुकतात ती इथेच. दर रविवारी नवी जागा, दर वेळी दुर्मीळ पक्ष्याचा शोध, आणि वर्षअखेरीस हाती उरतात ते पाचशे फोटो, ज्यांवरून कुठल्याच जागेबद्दल काही सांगता येत नाही.

नाशिकला समुद्र नाही, पण काठांना तोटा नाही. ब्रह्मगिरीवरून उतरलेली गोदावरी, नासर्डी, वालदेवी, दारणा, कादवा, गंगापूर धरणाचा फुगवटा आणि निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी तयार झालं आणि पक्षी आले. 1986 मध्ये त्याचं अभयारण्य झालं, 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. म्हणजे माणसाने पाटपाण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्याने नकळत घडवलेली ही पाणथळ जागा आहे. ‘निसर्ग बघायला लांब रानात जावं लागतं’ असं म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे.

आधी तुकडा निवडा

पाचशे मीटर ते एक किलोमीटर काठ, बस्स. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असा. सोमेश्वरच्या धबधब्याच्या वरचा भाग, गोदापार्कच्या बाजूचा काठ, नासर्डीचा एखादा दुर्लक्षित तुकडा, काहीही चालेल. नासर्डी म्हटल्यावर नाक मुरडू नका. घाणेरड्या पाण्याच्या काठची नोंदही नोंदच असते, आणि तिथे कुणी जात नसल्यामुळे ती जास्त कामाची असते. नांदूरमध्यमेश्वरला सगळेच जातात.

तुकडा निवडताना तीन गोष्टी तपासा. पाण्यापर्यंत जायला सुरक्षित वाट आहे का? जमीन कुणाची आहे? आणि वर्षभर जाता येतं का? धरणाच्या भिंतीवर जायला आणि तिचे फोटो काढायला मनाई असते, त्यामुळे फुगवट्याच्या बाजूची जागा धरा. अभयारण्यात प्रवेश शुल्क भरून, ठरलेल्या वाटांनीच फिरायचं असतं. तिथे गावातले तरुण दुर्बीण घेऊन वाटाड्याचं काम करतात. त्यांना सोबत घ्या आणि पहिल्या खेपेला तरी आपण कमी बोला.

जागा ठरली की तुकड्यावर चार-पाच कायमच्या खुणा नेमा: एखादा उंबर, पुलाचा खांब, पंपाची खोली, मनोरा. कच्चा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढा. ‘दुसऱ्या खांबापासून उंबरापर्यंत जलपर्णी’ असं लिहिलेलं पाच वर्षांनी कुणालाही समजतं. ‘बरीच जलपर्णी’ हे तुम्हालाही समजणार नाही.

काठावरची माणसं

काठ रिकामा नसतो. जाळं टाकणारे, म्हशी पाण्यावर आणणारे, उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या जमिनीत गाळपेर करणारे, मोटर चालू करायला येणारे शेतकरी, वनरक्षक. कॅमेरा गळ्यात अडकवून कुणाच्या बांधावरून सरळ चालत गेलात तर पुढच्या वेळी कुत्रं अंगावर येईल. आधी राम राम करा, काय करताय ते सांगा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या. “काका, यंदा बदकं उशिरा आली का?” एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं. “पाणी सुटलंय सोमवारपासनं, आता सगळी त्या अंगाला गेलीत,” हे वाक्य जाळंवाल्याकडून ऐकलं की आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सोडल्याची, तारीख वहीत लिहायची, कारण त्या दिवशी पक्षी कमी दिसले ते पाण्याची पातळी बदलल्यामुळे, हे एरवी कळलंच नसतं.

गावातली नावंही लिहून घ्या, कुणी आणि कुठल्या गावात सांगितलं त्यासकट. पुस्तकातल्या नावाशी जुळवायची घाई नको.

सोबत काय न्यायचं

वही आणि पेन्सिल. पेन पावसात पसरतं, पेन्सिल पसरत नाही. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण असेल तर उत्तम: आठपट मोठं दिसतं, हात हलला तरी चित्र फार थरथरत नाही आणि पहाटेच्या कमी उजेडातही चालते. दहापट किंवा त्याहून जास्तीच्या मोहात नवख्याने पडू नये. नसेलच तर पहिले काही महिने फक्त वनस्पती, चतुर आणि फुलपाखरं करा. त्यांना फोन पुरतो. सहा इंची पट्टी, छोटं भिंग, टोपी, पाणी, चिखलात चालतील असे गमबूट. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो या तापाचा धोका असतो.

निफाडच्या बाजूला पहाटे जात असाल तर उसाच्या फडांमधल्या वाटेने एकट्याने जाऊ नका. बिबट्या तिथे नवलाचा राहिलेला नाही. गवतातून चालताना काठी आपटत चला. दिवड पाण्यात दिसली तर ती बिनविषारी असते, पण काठच्या गवतात घोणसही असते आणि फरक ओळखायची परीक्षा पायाने द्यायची नसते. पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाची बातमी पाहिल्याशिवाय नदीच्या पात्रात पाऊल टाकू नका. वर घाटमाथ्यावर पाऊस असतो, खाली ऊन असतं, आणि पाणी वाढतं.

वर्षाचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर वनस्पतींचे. काठची गवतं, लव्हाळे, पाणकणसं, ओल्या जागचं माका-ब्राह्मीसारखं जमिनीलगतचं सगळं तेव्हा हिरवं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर चतुर-टाचण्यांचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्ष्यांचे: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पट्टकादंब. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा पहाटे धुकं असतं, म्हणून सातला पोचून आठपर्यंत काहीच न दिसण्याची तयारी ठेवा. धुकं कधी उठलं तेही लिहा.

मार्च ते मे या काळात बहुतेक हौशी लोक घरी बसतात, आणि माझ्या मते तोच काळ सगळ्यांत मोलाचा. पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, वाळूची-गोट्यांची बेटं वर येतात आणि टिटवी, शेकाट्या, नदी सुरय यांची वीण सुरू होते. घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा. अंडी गोट्यांसारखी दिसतात. एप्रिलच्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. तुम्ही फोटोसाठी पाच मिनिटं जवळ रेंगाळलात तर तेवढ्यात अंडी तापून खराब होऊ शकतात. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावू लागली की आल्या पावली मागे फिरा आणि वहीत फक्त ‘वीण, अंदाजे जागा’ लिहा.

महिन्यातून दोनदा, शक्यतो त्याच वेळेला, तुकड्यावर जा. हेही जमणार नसेल तर महिन्यातून एकदा, पण चुकवू नका.

नोंद कशी लिहायची

घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याची वही कोरी राहते. जागेवर लिहा. नमुना असा (यातला वारकरी म्हणजे पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी आणि भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी):

‘12 जानेवारी, स. 7.10 ते 8.25. चापडगाव बाजू, मनोरा ते बांध. धुकं 7.40 पर्यंत, पलीकडचा काठ दिसत नव्हता. दोघे जण, एक दुर्बीण. वारकरी अंदाजे 400. थापट्या 60. चक्रवाक 7, गाळावर. दलदली भोवत्या 1, दोन घिरट्या, वारकरी दाटीने गोळा झाले. कमळपक्षी 0. मनोऱ्यासमोर निम्म्या पाण्यावर जलपर्णी. बारका तपकिरी पक्षी 1, लव्हाळ्यात, ओळख नाही, फोटो 3.’

यात दोन गोष्टी नवखे लोक हमखास गाळतात. एक म्हणजे शून्य. मागच्या खेपेला कमळपक्षी होते आणि आज शोधूनही नाहीत, तर तो शून्य लिहिलाच पाहिजे. दुसरी म्हणजे ‘ओळख नाही’. ठोकून दिलेलं नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. सुरुवात-शेवटची वेळ आणि किती जण होतो हेही टाळू नका. चौघांनी दोन तासांत पाहिलेले पक्षी आणि एकट्याने वीस मिनिटांत पाहिलेले पक्षी शेजारी ठेवून तुलना होत नाही.

थवा मोजणं

चारशे वारकरी एक-एक करून कुणी मोजत नाही. थव्याच्या कडेचे दहा मोजा, ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्या आणि तेवढाच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. मोठा थवा असेल तर पन्नासचा तुकडा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे बोलायचे, आधी नाही. एकाने ‘पाचशे’ म्हटलं की दुसऱ्याचे डोळे पाचशेच मोजतात. मध्येच भोवत्या आला तर वारकरी एकमेकांना खेटून गोळा होतात आणि थवा निम्मा दिसतो. अशा वेळी थांबा, ते पांगल्यावर पुन्हा मोजा.

वनस्पती आणि बारके जीव: जवळून बघा

वनस्पतीचा एकच सुंदर फोटो ओळखायला सहसा पुरत नाही. पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा शेंग, आणि शेवटी जरा मागे सरून आजूबाजूची जागा. एका फोटोत पट्टी ठेवा.

काठच्या हिरव्या पात्यांत गवत कुठलं आणि लव्हाळा कुठला हे बोटांना लवकर कळतं. दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. बहुतेक लव्हाळ्यांची दांडी तिकोनी असते, फिरताना कडा टोचतात. गवताची दांडी गोल असते, तिला पेरं असतात आणि पेरांमधली जागा सहसा पोकळ. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मा गोंधळ संपतो.

जलपर्णीचं पान उचलून पाहा. देठ फुगीर, आत स्पंजासारखा, म्हणून ती तरंगते. पानावर दोन-तीन मिलिमीटरचे खरवडल्यासारखे तपकिरी ठिपके दिसले तर ती भुंग्यांची करामत असू शकते. दक्षिण अमेरिकेतल्या या वनस्पतीवर जगणारे तिथलेच भुंगे 1980 च्या दशकात भारतात मुद्दाम सोडले गेले. तुमच्या तुकड्यावर असे ठिपके आहेत का, किती पानांवर आहेत, हे वर्षभर मोजलं तर ती एक स्वतंत्र, नीटस नोंद होते. बेशरमाचंही तसंच: फुलं गुलाबी-जांभळी, मोहक, पण काठावर एकदा रान माजलं की चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही. खुणांच्या आधाराने त्याची लांबी दर वर्षी पावलांनी मोजा.

आणि पाणकणसांच्या दांड्यांवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, चतुराची कात शोधा. पाण्यात वाढलेली अळी रात्री किंवा पहाटे दांडीवर चढते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. मागे उरते ती पोकळ, मातकट कात, पाठीच्या फटीतून पांढरे धागे लोंबणारी. ते धागे म्हणजे श्वासनलिकांची अस्तरं. उडता चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो. कात मात्र सांगते की तो याच पाण्यात वाढला. म्हणून एका कातेचा फोटो मला दहा चतुरांच्या फोटोंपेक्षा जास्त वजनाचा वाटतो. चतुराचा फोटो काढताना मात्र एक वरून आणि एक बाजूने घ्या, शेपटीचं टोक स्पष्ट यायला हवं.

ॲपवर टाकताना

पक्ष्यांसाठी ई-बर्ड, बाकी सगळ्यासाठी आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. ई-बर्डवर ‘पूर्ण यादी’ का, असं विचारलं जातं. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच ‘होय’ म्हणा. कावळा-साळुंकी गाळून फक्त खास पक्षी लिहिले असतील तर ती पूर्ण यादी नव्हे. पूर्ण यादीत जे नाही ते दिसलं नाही असा अर्थ निघतो, म्हणून तिचं मोल वेगळं.

आय-नॅचरलिस्टवर फोटो टाकला की ॲप नाव सुचवतं. ते सुचवलेलं नाव दाबायचा मोह आवरा. इकडच्या वनस्पतींत ते बऱ्याचदा परदेशातल्या सारख्या दिसणाऱ्या झाडाचं नाव पुढे करतं. खात्री नसेल तर कुळापर्यंत थांबा, जाणकार पुढे नेतील. तारीख, जागा, पुरावा या सगळ्या गोष्टी असतील आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचं एकमत झालं तर नोंद संशोधनयोग्य दर्जाची ठरते. बागेत लावलेलं झाड असेल तर ‘लागवडीचं’ अशी खूण करायला विसरू नका. गोदाकाठच्या उद्यानातली बोगनवेल रानटी म्हणून जगभर जायला नको.

घरटी, गिधाडांच्या कपारी आणि अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पासारख्या मोजक्या जागी उरलेल्या वनस्पती यांची नेमकी जागा उघड करू नका. ॲपमध्ये जागा झाकायची सोय आहे. पण तिथे झाकून तोच पिन व्हॉट्सॲप गटात टाकलात तर काय उपयोग?

कायदा आणि रीत

अभयारण्यातून परवानगीशिवाय पान, पीस, शिंपला काहीही उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो हौशी अभ्यासकालाही तितकाच लागू होतो. पक्ष्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बाहेर काढणं, थवा उडवण्यासाठी दगड मारणं, ड्रोन नेणं, हे करणाऱ्याला गटात ठेवू नका. ज्येष्ठ असला तरी. फोटो चांगला आला हे त्याचं उत्तर नव्हे.

एकदा समुद्रावर जाऊन या

हात बसला की थंडीत एक फेरी त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्याकडे करा. पद्धत तीच, फक्त घड्याळ समुद्राचं. खडकांतली डबकी आणि चिखलपट्टे पाहायचे ते ओहोटीला, तेही उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा पाणी सर्वांत दूर हटतं. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, साडेसातच्या आसपास ओहोटी. अष्टमीला हिशोब सहाचा येतो, ओहोटी भर दुपारी सापडते, पण तो भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फारसं हटतच नाही. यावरून एक गोष्ट उघड होते: नाशिकहून पहाटे निघून चांगली ओहोटी साधणं कठीण, आदल्या रात्री मुक्काम करा. हिशोब अंदाजाचा आहे, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच. आणि पाणी पूर्ण हटायच्या तासभर आधी उतरून, वळलं की परत फिरा.

वाळूवर पसरलेली मर्यादवेल आधी शोधा. फूल पाहिल्यावर नाशिकचं बेशरम आठवेल, दोन्ही एकाच प्रजातीसमूहातल्या. खाडीच्या चिखलात तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, पानावर मिठाचे कण दिसतात. त्याच चिखलात निवटी हा मासा छातीच्या परांवर सरकत असतो. दगड उलटून पाहिलात तर होता तसा परत ठेवा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका, त्यातल्या काहींचा दंश विषारी असतो. मुंबईत 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा गट शहरातल्या किनाऱ्यांवर असंच काम करतो आहे. त्यांच्या नोंदी आय-नॅचरलिस्टवर पाहता येतात, जायच्या आधी तासभर चाळा.

वहीचं पुढे काय

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती 1987 पासून चालू आहे. तुमचा तुकडा त्यात बसवून घ्या. वर्षभराच्या नोंदी असतील तर जानेवारीचा आकडा नेहमीचा की वेगळा, हे तुम्हीच सांगू शकाल.

जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायत असो की महापालिका, प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ही वही अनेकदा एकदाच भरून कपाटात जाते. तुमच्या नोंदी तिथे नेऊन द्या, पण पाचशे फोटोंची पेनड्राइव्ह नको. दोन पानं पुरतात: कच्चा नकाशा खुणांसकट, महिनावार कोष्टक, वीण होणाऱ्या जागा आणि महिने. सिंहस्थाच्या निमित्ताने घाटांची कामं निघाली की कुठला काठ कुठल्या महिन्यात मोकळा ठेवावा, हे सांगायला हीच दोन पानं उपयोगी पडतात. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.